काट्यावरचं बोट

रविवार, ता. ६

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. हे पत्र शिंपीकाकाच वाचून दाखवणार, म्हणून त्यांनाही नमस्कार. काका, दुकानात गिऱ्हाईक असेल तर आधी त्याचं माप घ्या, त्याला वाटेला लावा आणि मग वाचा. वजनमाप कचेरीतल्या माझ्या नेमणुकीचं पत्र तुम्ही अशा खणखणीत आवाजात वाचलं होतंत की बाबांना कळायच्या आत गल्लीला कळलं होतं.

बाबा, तुम्ही माझ्याशी बोलत नाही हे मी विसरलेले नाही. निघायच्या दिवशी तुम्ही मांजराला म्हणालात, "मने, कुणाची तरी छत्री राहिलीय बघ दाराशी." मी छत्री घेतली. मनीला माझे आभार सांगा. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, पण मी सुखरूप आहे एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे. ('सुखरूप' लिहिताना थांबून विचार केला. हो, आहे.)

इथे फोन बंद केलेत आणि पूलही बंद आहे. पुलाच्या एका टोकाला एका गटाची माणसं बसलीत, दुसऱ्या टोकाला दुसऱ्या गटाची, मधे पोलीस. दूध मात्र दोघांनाही लागतं, त्यामुळे दुधाची गाडी तेवढी ये-जा करते. तिचा चालक पत्रं टोपीत ठेवून नेतो. कागदाला तेलाचा वास आला तर तो त्याच्या डोक्याचा आहे, इथल्या जेवणाचा नाही.

माझं काम आल्या दिवशीच झालं. सरकारी धान्यगोदामातला मोठा काटा तपासायचा, त्याला शिक्का मारायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत, असा बेत होता. काम झालं, पण गाडी सुटलीच नाही. तेव्हापासून गोदामाच्या वरच्या खोलीत राहते आहे. शेजारच्या खोलीत, खालचा मजला गोदामाला भाड्यानं दिलेली या घराची मालकीण राहते, तिला सगळे मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

तो काटा तुम्ही बघायला हवा होतात. दांडी तुमच्या उंचीपेक्षा लांब आणि पारडी अशी की एकेकात वासरू बसेल. आणि काय शांत काटा आहे! दोन्ही पारड्यांत सारखी वजनं ठेवली, बोट लावलं, काटा मध्यावर. वजनांची अदलाबदल केली, बोट लावलं, तरी मध्यावर. आपल्या दुकानात दुरुस्तीला आलेले काटे कसे थरथरत असायचे, वाऱ्यानं, उंदरानं, बाहेरून ट्रक गेला तरी. इथले मुकादम म्हणाले, "बाई, लेकरासारखा सांभाळलाय." मी शिशाचा शिक्का ठोकला, त्यावर माझा क्रमांक उमटला, आणि मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. ते तुम्हाला आवडणार नाही, तरी लिहिते.

तुमची,
गुंज

गुरुवार, ता. १०

तीर्थरूप बाबा,

शिंपीकाकांचं उत्तर मिळालं. "तुझे बाबा काही बोलले नाहीत. मात्र मी वाचता वाचता कापड कापू लागलो तर कात्री काढून घेतली." एवढंच आहे पत्रात, पण मी ते दररोज वाचते. (आधी 'दररोज दोनदा' लिहिलं होतं, ते खोडलं. काल एकदाच वाचलं.)

सकाळी थोडा वेळ बाहेर पडायची मुभा असते. बाकी दिवसभर खोली. खोलीत पलंग, टेबल, पाण्याचा माठ आणि एक खिडकी. खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते. त्या भिंतीवर कुणीतरी कधीतरी मोठा बाण रंगवलाय आणि 'रस्ता' असं लिहिलंय. बाण सरळ विटांत शिरतो. पहिले काही दिवस मला हसू यायचं.

प्रवासानं माणूस मोठा होतो असं आमच्या कचेरीतल्या वरिष्ठ बाई म्हणतात. निघताना त्यांनी मला सल्ला दिला होता की बाहेर काहीही चाललेलं असो, आपण आतून हलायचं नाही. ताठ बसायचं, एका जागी बघायचं, मनात आलेलं बाजूला सारायचं. मी रोज पलंगावर तसं बसते आणि त्या बाणाकडे बघते. तुम्ही म्हणायचात ना, "नाव गुंज आणि काळजी मणाची"? आता तसं राहिलं नाही. दाराची कडी फक्त एकदा तपासते. नखं वाढली आहेत. पुलाकडून आरडाओरडा ऐकू आला तरी मी बाणावरची नजर काढत नाही. मला वाटतं मी स्थिर होत चालले आहे.

दुकानं बंद असल्यामुळे सगळं गाव आता या गोदामातून धान्य नेतं. माणशी ठरलेला गहू. माझ्या खोलीची जमीन फळ्यांची आहे, खालचं सगळं ऐकू येतं. पिशवी पारड्यात पडली की साखळी वाजते, 'ठक', आणि संपलं. पुढचा. 'ठक'. पुढचा. घरी मी लहानपणी काट्याखाली बसून अभ्यास करायचे तेव्हा साखळ्या किती वेळ कुरकुरत राहायच्या. इथे शिस्त आहे.

मावशी काल पिशवी घेऊन जिना चढून आल्या आणि माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"पोरी, तू शिकलेली आहेस. मला सांग, म्हातारपण उलटं चालतं का?"

"म्हणजे?"

"पिशवी तीच, जिना तोच. आणि गुडघे कालपेक्षा कमी कुरकुरतात. एक तर मी तरुण होतेय, नाही तर गहू कमी होतोय. तरुण होत असले तर मला आधी आरसा दे."

मी हसले. त्यांनी मुकादमांना विचारलं होतं म्हणे. मुकादम म्हणाले, "काटा खोटं बोलतो का आजी? आणि शिक्का बघा. वर राहतात त्याच बाईंचा आहे, जाऊन विचारा."

म्हणून त्या विचारायला आल्या होत्या. मी म्हटलं, काटा बरोबर आहे. मग बाणाकडे बघत बसले, पण बसवेना.

तुमची,
गुंज

मंगळवार, ता. १५

तीर्थरूप बाबा,

मी बरी आहे. ती छत्री फार उपयोगी पडली. पाऊस नाही इथे. कशासाठी ते पुढे कधीतरी.

काका, इथून पुढचं जरा हळू वाचा, आणि इस्त्रीवाला समोर बसला असेल तर वाचूच नका.

बाबा, एक विचारायचं आहे. समजा, एखाद्या तपासनिसानं एक काटा तपासला. नीट तपासला, निदान त्याला तसं वाटलं. शिक्का मारला. आणि नंतर त्याला कळलं की तो काटा बरोबर नाही. मुद्दाम कुणी बिघडवलेला नाही, पण बरोबर नाही. त्या काट्यावर रोज गावाचं धान्य तोललं जातंय. आता समजा, त्यानं शिक्का काढला, तर नियमाप्रमाणे बिनशिक्क्याच्या काट्यावर एक दाणाही देता येत नाही. दुसरा काटा पूल ओलांडून येणार नाही. आणि तपासणारा स्वतः दुरुस्तीला हात लावू शकत नाही, हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दुरुस्ती तुमची आणि शिक्का त्यांचा, यावरून तुम्ही जन्मभर त्यांना शिव्या घातल्यात. मग अशा माणसानं काय करावं?

मला फक्त माहिती हवी आहे.

सध्या ताठ बसायचं सोडलं आहे. बसलं की खालची साखळी ऐकू येते. मी ती ऐकत नाही असं ठरवते, आणि मग ती यायच्या आधीच ऐकू येते. खोली लहान आहे का मोठी हे मी आल्यावर पावलांनी मोजलं होतं, पण आता ती त्याहून लहान वाटते. सकाळी बाहेर जायची मुभा असते तेव्हाही जात नाही, कारण जिना गोदामातूनच उतरतो आणि रांगेतली माणसं मला वाट करून देतात. "शिक्केवाल्या बाई आहेत, जाऊ द्या." परवा एकानं आपल्या पोरीला मला नमस्कार करायला लावला.

दूधगाडीवाला खाली हॉर्न वाजवतोय.

तुमची,
गुंज

शनिवार, ता. १९

तीर्थरूप बाबा,

तुमचं उत्तर आलं. अक्षर काकांचं, पण शब्द तुमचे. मी ओळखले. "समजा-बिमजा सोड. शिक्का तुझाच ना? मग गप्प बस. पूल उघडेपर्यंत तोंड उघडू नकोस, आणि उघडला की पहिल्या गाडीनं घरी ये. भुकेली माणसं काट्याला मारत नाहीत, माणसाला मारतात." खाली काकांनी लिहिलंय, "गुंजे, तू शिक्केवाली झाल्यापासून तुझे बाबा तुझ्याशी पहिल्यांदा बोलले. मनी साक्षीला नव्हती."

बाबा, तुम्ही बोललात. मी किती वेळ कागद हातात धरून बसले ते लिहीत नाही. आणि आता मी जे लिहिणार आहे त्यानं तुम्ही परत गप्प व्हाल की काय याची भीती वाटते. पण न लिहिणं हेही खोटं बोलण्यासारखंच होईल.

आधी छत्रीचं सांगते. मावशींच्या गुडघ्यांची गोष्ट डोक्यातून जाईना, तेव्हा मी छत्री दोरीनं खिडकीच्या गजाला टांगली. मूठ जड म्हणून दोरी सरकवत सरकवत ती आडवी उभी राहील अशी जागा शोधली. मग एका टोकाला माझी गव्हाची पिशवी अडकवली, दुसऱ्या टोकाला मावशींची. दोघींचा वाटा सारखाच. छत्री कलली. पिशव्यांची अदलाबदल केली, छत्री दुसरीकडे कलली. मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे मी तरुण होत नाहीये तर."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादम जेवून आडवे झाले होते तेव्हा मी खाली गेले. पारडी रिकामी, काटा मध्यावर. एका पारड्यात मूठभर गहू टाकला. काटा मध्यावरच. आणखी एक मूठ. मध्यावर. मग पायातली चप्पल काढून ठेवली. तरीही तो तसाच उभा, शांत, ज्या शांतपणाचं मी तुम्हाला कौतुक लिहिलं होतं. दुसरी चप्पल ठेवली तेव्हा कुठे 'ठक' करून पारडं खाली गेलं. म्हणजे खालची माणसं अंदाजानं डबा भरून पिशवीत ओततात, पिशवी पारड्यात ठेवतात, काटा मध्यावर दिसतो आणि पिशवी बाहेर. कुणाला कमी जातं, कुणाला जास्त. काटा सगळ्यांना एकच सांगतो. आणि साठा उतरत चालला तसा डबा भरणाऱ्यांचा हातही आखडत चाललाय.

आता मुख्य. काका, हे वाचून झाल्यावर बाबांकडे थोडा वेळ बघू नका.

आमच्या कचेरीतल्या कुणाकडूनही ही चूक झाली नसती. त्यांना दांडी थांबवायची हातोटीच नाही. काटा हलत असतो आणि ती बिचारी हाताची घडी घालून तो आपोआप थांबायची वाट बघतात. मी वाट बघितली नाही. मी घरी शिकले तसं केलं. दांडीला बोट लावलं, काटा मध्यावर आला, मी वहीत 'बरोबर' लिहिलं. तुम्ही असंच करायचात. गिऱ्हाईक घाईत असलं की डाव्या हाताचं बोट दांडीला लावायचात आणि मला म्हणायचात, "लिही गुंज." शाळेत जाण्याआधी मी आकडे तिथेच शिकले. पण इथे मी काटा तपासलाच नाही, बाबा. मी माझं बोट तपासलं.

तुम्हाला दोष देत नाही. पण हे तुमच्यापासून लपवूही शकत नाही.

मुकादमांना मी सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. कपाळ चोळत म्हणाले:

"बाई, तुम्ही शिक्का काढलात तर सोमवारी हे सगळे रिकाम्या पिशव्या घेऊन माझ्या दारात."

"आणि नाही काढला तर?"

"तर निदान काहीतरी घेऊन घरी जातील. थोडं कमी, थोडं जास्त. जगात कुठे सगळं बरोबर चाललंय? पुलावर बघा."

"पण त्यावर माझा क्रमांक आहे."

"मग नका ना खाली येऊ! वर बसा. पूल उघडला की जा. तुमचा क्रमांक कोण वाचतंय? निम्म्या रांगेला वाचता येत नाही."

तुम्हालाही वाचता येत नाही, बाबा. पण आपल्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक काट्यावरचा शिक्का तुम्ही अंगठ्यानं चाचपून बघायचात.

उद्या रविवार, गोदाम बंद. परवा सकाळी मी खाली जाणार आहे. तुमचं पत्र समोर ठेवूनच हे लिहिते आहे. अक्षर बिघडलंय, काका, वाचायला त्रास होईल, माफ करा. नखं पुन्हा खाल्ली. बाण तिथेच आहे.

तुमची,
गुंज

गुरुवार, ता. २४

तीर्थरूप बाबा,

मला कुणी मारलं नाही. हे सर्वांत आधी लिहिते.

सोमवारी तोलायला सुरुवात व्हायच्या आधी मी चिमटा घेऊन खाली गेले. रांग दारापर्यंत होती. मला वाट मिळाली. मी काट्याजवळ उभी राहिले. बोलायच्या आधी चिमट्यानं शिक्काच कापला. शिशाचा तुकडा जमिनीवर पडला.

मी म्हटलं, "हा काटा मी तपासला होता. तो चुकीचा आहे. चूक माझी आहे."

आणि मूठभर गहू टाकून दाखवला, मग चप्पल. ते बघायला मागचे पुढे आले, पुढचे दबले, आणि मग एकदम आवाज सुरू झाला.

"म्हणजे इतके दिवस आमचं खाल्लंत?"

"मी नाही खाल्लं."

"मग कुणी?"

"कुणीच नाही. कुणाकडे कमी गेलं, कुणाकडे जास्त."

हे बोलायला नको होतं, बाबा. खरं होतं, पण मी पुढचा विचार केला नव्हता. तोवर सगळे माझ्याकडे बघत होते. ते वाक्य ऐकल्यावर एकमेकांकडे बघू लागले. एका उंच माणसानं शेजारच्या बाईच्या पिशवीला हात घातला. आदल्या खेपेच्या गव्हाची रिकामी पिशवी होती ती, तरी त्यानं ओढली. बाई ओरडली. या गावात दोन्ही गटांची माणसं एकाच रांगेत उभी असतात, आणि तोवर ती फक्त भुकेली होती. मला वाटलं, झालं. पूल आता इथेच येणार.

तेवढ्यात मावशी गव्हाच्या पोत्यावर चढल्या. गुडघ्यांसकट.

"थांबा रे! ज्यांना जास्त मिळालं त्यांनी हात वर करा."

कुणी हात वर करेना.

"एकालाही नाही? मग सगळ्यांनाच कमी मिळालं म्हणायचं! मुकादम, हे कसं हो? उरलेला काय उंदीर तोलून घेऊन गेले?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुमचा हात खाली का?" तशा त्या म्हणाल्या, "मला जास्त मिळालं असतं तर मी या पोत्यावर चढले असते का? उडी मारली असती!" आणि एक हसला, मग दोन. त्या उंच माणसानं पिशवी सोडली, पण नजर वर केली नाही.

मी विचारलं, दांडी उचलायला कोण येतं? तो उंच माणूसच पुढे आला, आणखी चौघे आले. दांडी उतरवली. ज्या धारेवर ती झुलते तिथे बोट फिरवलं तर धार लागेचना. कडक, काळा, दगडासारखा थर.

"मुकादम, इथे काय घालता?"

"तेल. रोज सकाळी. न चुकता."

बाबा, धारेला तेल! आणि वर गव्हाची धूळ. थरावर थर, वर्षानुवर्षं. त्यांच्याकडे बघवेना. "रोज घालत होतो हो मी," ते म्हणत राहिले, "स्वतःच्या पैशानं आणून." मी म्हटलं, माहीत आहे.

मावशींनी स्वयंपाकघरातली सुरी आणून दिली. खरवडायला दुपार झाली. तुमच्यासारखं जमलं नाही, पण धार लागली. दांडी परत चढवली, पारड्यांत वजनं ठेवली. काटा हलू लागला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. साखळ्या कुरकुरू लागल्या. किती वेळ! रांग चुळबुळू लागली. मुकादमांनाही राहवेना, त्यांनी सवयीनं दांडीकडे बोट नेलं, आणि मावशी ओरडल्या, "बोट काढा!" मग सगळी रांगच ओरडली, "बोट काढा, बोट काढा!" लहान मुलं तर नाचायलाच लागली. मुकादमांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. काटा आपला आपण मध्यावर येऊन थांबला. मी एका पारड्यात चिमूटभर गहू टाकला. तो लगेच कलला.

मग मुकादम हळूच म्हणाले, "चला, मारा शिक्का."

"मला मारता येणार नाही. मी दुरुस्त केलाय. दुसऱ्या कुणीतरी तपासायला हवा."

"कोण दुसरं? पुलावरून कोण येणार? बाई, समजा की शिक्का आहे."

"मी तसं समजणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग रांगेकडे. या माणसाची नोकरी माझ्या नोकरीपेक्षा किती जुनी आहे हे मला माहीत होतं, आणि तरी मी मान हलवली नाही. माझ्या या स्वभावाचा मला स्वतःलाच राग आला. शेवटी ते म्हणाले, "बरं. बिनशिक्क्याचा. माझ्या जबाबदारीवर. आणि रोज सकाळी सगळ्यांसमोर चिमूट टाकून बघायचं. पहिला कोण?"

पहिल्या मावशी होत्या. पिशवी उचलून म्हणाल्या, "अगं आई गं." इतक्या आनंदानं कण्हताना मी कुणाला ऐकलं नाही.

कचेरीला मी सगळं लिहून कळवलं आहे. हात लावला हेही लिहिलं. नोकरी राहील असं वाटत नाही. म्हणजे आता मी ना शिक्केवाली, ना दुरुस्तीवाली. पूल तर बंदच आहे. काल रात्रभर झोप नव्हती आणि सकाळी कडी तीनदा तपासली.

तुमची,
गुंज

रविवार, ता. २७

तीर्थरूप बाबा,

माझ्या शनिवारच्या पत्राचं उत्तर आज मिळालं. तुम्ही ते पाठवलंत तेव्हा सोमवारचं काही तुम्हाला ठाऊक नव्हतं. काकांनी लिहिलेलं मी इथे पुन्हा उतरवते, म्हणजे काकांना आपण काय लिहिलं ते नीट कळेल:

"तुझं पत्र ऐकून तुझे बाबा उठून गेले. मला वाटलं आता महिनाभर येत नाहीत. थोड्या वेळानं आले आणि माझी लाकडी फूटपट्टी उचलली. बोटावर आडवी तोलून धरली. मग दुसऱ्या हाताचं बोट तिला वरून लावलं. म्हणाले, लिही, मी असं बोट लावायचो. मग ते बोट काढलं. पट्टी हलायला लागली. म्हणाले, लिही, आणि असं काढायचो. काढल्यावर काटा परत हलतो, ते बघायचं असतं. नुसतं लावून काय होतंय? ती बघायची नाही. मी 'लिही' म्हटलं की तिची मान खाली जायची. घरात एक लिहिणारी होती, ती वहीत बघायची. मी बोट काढतो हे तिला कधी दिसलंच नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, दिसत असेल. एवढं बोलून पट्टी टेबलावर आपटली आणि गेले. पट्टीचा कोपरा उडालाय."

काका, पट्टी मी भरून देईन.

बाबा, मी दुपारभर तेच करत बसले. छत्री टांगून. बोट लावायचं, काढायचं. छत्री हलते, बराच वेळ हलते. मी आता तिला थांबवत नाही. बाणाकडे ताठ बघत बसायचे ना, तेव्हा मी स्थिर झाले होते असं मला वाटत होतं. मला आता त्याची लाज वाटत नाही, पण परत तसं बसणार नाही. खालून साखळ्यांची कुरकुर ऐकू येते. आज पुलाकडे दगडफेक झाली, दूधगाडीची काच फुटली, चालकाच्या कपाळाला पट्टी आहे, त्यामुळे टोपी नाही. हे पत्र तो शर्टाच्या खिशातून आणेल. मी घाबरले आहे. कधी निघेन ठाऊक नाही. निघाले तर कुठल्या दारात यायचं तेही ठाऊक नाही, कारण तुम्ही 'घरी ये' म्हणालात ते मी गप्प बसले तर, असं म्हणाला होतात.

पाकिटात चिंधीत बांधून एक खडा ठेवला आहे. धारेवरून निघालेल्या थराचा सगळ्यात मोठा तुकडा. तेल, गव्हाची धूळ आणि मुकादमांची माया. एवढ्याशा खड्यानं अख्खं गाव तोललं जात होतं.

काका, आता वाचणं थांबवा आणि तो बाबांच्या तळहातावर ठेवा. ते हातानं वजन सांगतात, आणि त्यांचं चुकत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पुढच्या पत्रात दुसरं काही लिहायला नको. बाबा, तो किती भरतो तेवढं सांगा. माझा अंदाज मी लिहीत नाही. लिहिला तर तुम्ही मुद्दाम वेगळाच सांगाल.

तुमची,
गुंज